परदेशात जाताना तिथलं सिम, इथलं रोमिंग की ई-सिम? आणि पेमेंटचं काय?

थायलंड, सिंगापूर, दुबई कुठेही निघालं की पहिला प्रश्न हाच, तिथे उतरून सिम घ्यायचं की इथूनच रोमिंग पॅक मारायचा? मी दोन्ही करून बघितलंय, आता ई-सिमवर (कार्ड न घालता फोनमध्येच सुरू होणारं सिम) आलोय, तेव्हा माझं मत सांगतो. तुमची ट्रिप वेगळी असेल तर थोडं इकडेतिकडे करून घ्या.

निव्वळ डेटाचं बघितलं तर तिथलं सिम स्वस्त पडतं, यात वाद नाही. बँकॉकला सुवर्णभूमी विमानतळावर बाहेर आलं की एआयएस, ट्रू या तिथल्या मोबाइल कंपन्यांचे काउंटर समोरच असतात. पासपोर्ट दाखवायचा, काउंटरवरची मुलगीच पिन टोचून आपलं सिम काढते, नवीन घालते आणि आपलं त्या नव्या सिमच्या पुठ्ठ्यावर सेलोटेपने चिकटवून परत देते. नेट लगेच सुरू, स्पीडही झकास.

मला नडलं ते हे पुठ्ठ्यावर चिकटलेलं सिम. ग्रॅब या तिथल्या टॅक्सीच्या ॲपमध्ये कार्ड ॲड करायला गेलो तर बँकेचा ओटीपी जाणार भारतातल्या नंबरवर आणि तो नंबर बॅगेत. मग हॉटेलच्या रिसेप्शनवर पिन मागितली, तिथे नव्हती, शेवटी तिथल्या बाईंनी कानातलं काढून दिलं, त्याने ट्रे उघडला, सिम बदललं, नेटवर्क येईपर्यंत थांबलो आणि तोवर ओटीपीची वेळ संपलेली. वर यूपीआय ॲपने सिम बदललेलं ओळखलं आणि नंबर पुन्हा व्हेरिफाय करा म्हणालं, त्यासाठी एसएमएस परत त्याच भारतीय सिमवरून जावा लागतो. दिवसभर फिरून पाय दुखत असताना हे सगळं करायचं म्हणजे खरंच डोकं उठतं.

रोमिंग पॅकमध्ये ही कटकट नाही, नंबर आपलाच राहतो. महाग पडतं, घरातल्या चौघांचे चार पॅक घेतले तर फारच. पण दुबईला जाणार असाल तर एक मोठा फायदा आहे. तिथल्या सिमवर व्हॉट्सॲप कॉल चालत नाहीत, रोमिंगमध्ये डेटा सहसा आपल्या भारतातल्या नेटवर्कमधून फिरून येतो, त्यामुळे माझे तरी आईशी व्हिडिओ कॉल व्यवस्थित झाले. चीनला जाणाऱ्यांनाही गूगल, व्हॉट्सॲपसाठी हाच मार्ग सोपा पडतो.

तरी माझी पसंती ई-सिमला. सहार विमानतळाला निघायच्या आधी घरच्या वायफायवर क्यूआर स्कॅन करून ठेवायचं, उतरल्यावर ऑन करायचं, झालं. आपलं सिम जागेवरच, फक्त त्याचं डेटा रोमिंग बंद ठेवायचं, ओटीपी येत राहतात. बहुतेक ई-सिमवर कॉलिंग नंबर मिळत नाही, मला तरी त्याने काही अडलं नाही. प्रीपेडवाल्यांनी मात्र इंटरनॅशनल रोमिंग चालू आहे का आणि एसएमएस येतील का, हे निघण्याआधी मोबाइल कंपनीच्या गॅलरीत विचारून घ्या.

पेमेंटमध्ये आपल्याला मुंबईत वडापावलाही स्कॅन करायची सवय. यूपीआय सिंगापूर, यूएई, नेपाळ, भूतान, श्रीलंका, मॉरिशसमध्ये चालतं, 2024 पासून आयफेल टॉवरच्या तिकिटालाही, पण ॲपमध्ये इंटरनॅशनल वेगळं चालू करावं लागतं आणि दिसेल त्या क्यूआरवर चालत नाही. बँकॉकच्या ठेल्यांवर प्रॉम्प्टपे या थायलंडच्या पेमेंट सिस्टिमचा क्यूआर अगदी आपल्यासारखाच दिसतो, पण मी गेलो तेव्हा आपल्या ॲपने तो घेतला नाही. म्हणून रस्त्यावरच्या खाण्याला रोख आणि बाकी सगळीकडे कार्ड हेच मला बरं वाटतं. सिंगापूरच्या एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत तर व्हिसा किंवा मास्टरकार्ड थेट टॅप करून जाता येतं, परदेशी कार्डाला दिवसाला साठ सेंट जास्त लागतात, पण तिकिटाची रांग वाचते. कार्डाचं इंटरनॅशनल आणि टॅप हे दोन्ही बँकेच्या ॲपमधून आधीच ऑन करा. मशीनने रुपयात घेऊ का विचारलं तर नाही म्हणा, तिथल्या चलनातच द्या, रुपयात दर वाईट लावतात.

फोन जुना असेल, ई-सिम चालत नसेल, तर तिथलं सिम घ्यायला हरकत नाही, पण दुसऱ्या स्लॉटमध्ये. काउंटरवर फोन देतानाच सांगा, पहिलं सिम काढू नका.