कॅव्हेंडिश तराजू: वस्तुमानाला चोख, अंतराला अडखळणारा

हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७९७-९८ मध्ये सुमारे १५८ किलोग्रॅमचे शिशाचे गोळे वापरून केलेल्या, गोळ्यांमधले गुरुत्वाकर्षण मोजणाऱ्या प्रयोगाची टेबलावर मावणारी आवृत्ती आमच्या महाविद्यालयाने पदवीच्या वर्गासाठी घेतली. बारीक तारेला टांगलेल्या दांडीच्या टोकांना ३८ ग्रॅमचे दोन गोळे, पेटीबाहेर १.५ किलोग्रॅमचे दोन मोठे गोळे आणि दांडीवरच्या आरशातून भिंतीवर पडणारा लेझरचा ठिपका, एवढाच सरंजाम. केंद्रांमध्ये ४.६ सेंटिमीटर अंतर असताना एका जोडीतले बल जेमतेम १.८ नॅनोन्यूटन भरते. दहावीच्या पुस्तकात एक मीटरवर बसलेल्या महेंद्र आणि विराट यांच्यातले बलसुद्धा याच्या दोनशेपटींहून अधिक आहे. तरीही मोठे गोळे एका बाजूचे दुसऱ्या बाजूला नेले की पाच मीटरवरच्या भिंतीवर ठिपका सुमारे १० सेंटिमीटर सरकतो.

वस्तुमानाचा परिणाम हे उपकरण फार चांगला दाखवते. आम्ही शिशाच्या मापाचेच पितळी गोळे लेथवर कातून घेतले (लोखंडी घेतले असते तर चुंबकत्वाची शंका उरली असती). पितळेची घनता शिशाच्या सुमारे पाऊणपट, आणि ठिपकाही साधारण साडेसात सेंटिमीटरच सरकला.

अंतराच्या बाबतीत मात्र निराशा होते. गोळ्यांचा आधार एकाच जागी पक्का असल्यामुळे आम्ही ते लाकडी ठोकळ्यांवर ठेवून अंतर दुप्पट केले, तेव्हा वर्गव्यस्त नियमानुसार (अंतर दुप्पट तर बल चौथाई) अडीच सेंटिमीटर अपेक्षित असताना ठिपका जेमतेम दोन सेंटिमीटर हलला. यात नियमाचा दोष नाही. प्रत्येक मोठा गोळा पलीकडच्या लहान गोळ्यालाही ओढतो आणि दांडी उलट दिशेला पिळतो. जवळच्या मांडणीत हा विरोध सुमारे ७ टक्के असतो, दुप्पट अंतरावर ३० टक्क्यांच्या घरात जातो. सोबतच्या पुस्तिकेत या दुरुस्तीचा उल्लेखही नाही, म्हणून पहिल्या तुकडीची गुरुत्वस्थिरांकाची किंमत तेवढीच कमी आली आणि विद्यार्थी आपली चूक शोधत बसले.

दांडीचे एक आंदोलन आठ मिनिटांचे असून ती स्थिरावायला तासाहून अधिक लागतो. पंखा बंद, दार बंद आणि तळमजल्याची खोली या अटी अपरिहार्य आहेत. घेणाऱ्यांनी सुटी तार आधीच मागून ठेवावी, कारण आमची पहिली तार दांडी न अडकवता टेबल सरकवल्यामुळे तुटली.