हुबेहूब बाळाची बाहुली: सात महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

विस्मरणाच्या आजारामुळे दिवेलागणीला कासावीस होणाऱ्या माझ्या आईसाठी मी दिवाळीत साडेसहा हजार रुपयांची रीबॉर्न, म्हणजे खऱ्या बाळासारखी दिसणारी बाहुली घेतली. व्हिनाइलवर, म्हणजे मऊ प्लास्टिकवर, रंगाचे थर भाजून पक्के केलेले असतात आणि केस एकेक करून रोवलेले असतात, हे घेणाऱ्यांना ठाऊकच आहे. माझी तक्रार तिच्या कापडी धडाबद्दल आहे.

पहिले तीन महिने मी समाधानी होतो. बाहुली मांडीवर आली की आई शांत होई, आणि "हे तुझंच बाळ" असे मी तिला खुशाल सांगत असे.

फेब्रुवारीत आईने पाय पसरून, बाहुलीला पायांवर पालथे घेऊन, तेल चोळून न्हाऊ घातले. पाणी मानेच्या फटीतून आत शिरले आणि धड कुबट झाले. 'पाण्यात घालू नये असे पत्रकात छापले आहे', एवढेच विक्रेत्याने ऐकवले. ज्या बाहुलीच्या नखांखालची लालीसुद्धा रंगवली जाते, तिला कोणी तरी न्हाऊ घालणारच, हे बनवणाऱ्याला कळायला नको का? अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधील कीन गावी २०१६ साली बंद गाडीत बाळ गुदमरत आहे असे समजून पोलिसांनी काच फोडली, ती अशाच बाहुलीसाठी. मग माझ्या आईने काय करावे?

मी बाहुली गच्चीवर चादरींच्या आड वाळत घातली. रात्री दीड वाजता आई खाटांखाली वाकून शोधत होती. "लेकरू कुठंय?" मी म्हणालो, "त्याची आई घेऊन गेली." "मला न सांगता कशी नेली?" असे विचारून ती पहाटेपर्यंत रडली. तोपर्यंत मी दोष बाहुलीला देत होतो; 'हे तुझंच बाळ' आणि 'त्याची आई घेऊन गेली' ही दोन्ही खोटी वाक्ये मात्र माझी होती. तेव्हापासून तिने स्वतः हात पुढे केला तरच मी बाहुली देतो, आणि 'बाळ' हा शब्द माझ्या तोंडून काढत नाही.

एप्रिलमध्ये बहिणीने जुन्या लुगड्याचे नवे धड शिवले आणि वजनासाठी आत ज्वारी भरली. आईने ते बोटांनी चाचपले, "ज्वारी आहे गं ही," म्हणाली, आणि पदराखाली घेऊन थोपटत बसली.