लॅमिंग्टन रोडवरचा साडेसोळा हजारांचा थिंकपॅड

मी डोंबिवलीत घरबसल्या डीटीपी, म्हणजे छपाईची पानं कॉम्प्युटरवर लावायचं काम करते. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल आणि श्रावण लागला की दिवाळी अंक. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, अंकाची साठेक पानं लावायची बाकी असताना, माझ्या लॅपटॉपने कायमचे डोळे मिटले. नव्यांची चौकशी केली. माझ्या बजेटमधल्यांचे कीबोर्ड असे, की पापडावर टाइप करतोय असं वाटावं. दिवसभर कळा बडवणाऱ्या बाईला प्रोसेसरच्या आधी कळाच दिसणार.

भाचा म्हणाला, ‘‘मावशी, तू जुना थिंकपॅड टी४८० घे.’’ हे २०१८ चं मॉडेल, कधीच बंद झालेलं. कंपन्या असे लॅपटॉप भाड्याने घेतात, मुदत संपली की लॉटच्या लॉट बाजारात येतो. मला जुन्याचं वावडं नाही. माझी निम्मी पानं अजून पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत, आणि त्याची शेवटची आवृत्ती २००१ ची.

भाचा आणि मी ग्रँट रोडला पूर्वेला उतरून लॅमिंग्टन रोडला, मुंबईच्या कॉम्प्युटर बाजारात, चालत गेलो. दुकान दुसऱ्या मजल्यावर. खोलीभर काळे लॅपटॉप, फडताळातल्या ताटांसारखे उभे लावलेले. मालकाने आधी टी४७० पुढे केला, साडेअकरा हजार. दिसायला जुळा भाऊ. पण त्यात सातव्या पिढीचा प्रोसेसर, आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीत विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी लागते. विंडोज १० चा मोफत आधार, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता, म्हणजे दोन महिन्यांवर. ‘‘ताई, इलेव्हन टाकून देतो ना!’’ टाकता येतं, हे भाच्यालाही ठाऊक होतं. पण आडवाटेने टाकलेल्या विंडोजवर मी दिवाळी अंक ठेवणार नाही. पाच हजार वाचवायची जागा ही नव्हे.

टी४८० चे तीन पीस निघाले. एकावर झेडच्या जागी वाय आणि वायच्या जागी झेड, वर स्टिकर चिकटवलेले, जर्मन कीबोर्ड. तो तिथेच बाजूला. दुसऱ्यावर मराठी कीबोर्ड टाकायला लावला आणि माझी परीक्षा घेतली. इन्स्क्रिप्ट या कळांच्या मांडणीत शिफ्ट धरून ५, ६, ७, ८ दाबलं की ज्ञ, त्र, क्ष, श्र ओळीने यायला हवेत. ज्ञ आला, त्र आला, क्ष काही येईना. अंगठ्याने रेटल्यावर आला. मालक म्हणाला, ‘‘आजपर्यंत कुणी सात नंबरची कळ अशी तपासली नाही.’’ म्हटलं, तुमच्याकडे ‘साक्षी’च्या लग्नाची पत्रिका करायला कोण येणार!

तिसरा पीस पास झाला. मग भाच्याचं काम. पडदा १९२० बाय १०८० चाच आहे ना, हे सेटिंगमध्ये जाऊन बघितलं, कारण याच मॉडेलमध्ये १३६६ बाय ७६८ चाही येतो आणि त्यात अख्खं पान लावलं की मजकूर म्हणजे मुंग्या. सुरू होताना एफ१ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधीच्या सेटिंगमध्ये गेला. तिथे पासवर्ड मागितला तर उठून यायचं. कंपनीने घातलेलं ते कुलूप, आतला छोटा सेल काढूनही निघत नाही.

बॅटरीची मात्र गंमत. टी४८० ला दोन असतात, एक पोटात, एक मागून खटका सरकवून निघणारी. विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढला. आतलीची मूळ क्षमता २४ वॉट-तास, त्यातले २० शिल्लक. बाहेरचीही २४ चीच, शिल्लक ९. भाच्याने काही न बोलता स्क्रीन मालकाकडे फिरवली. मालकाने क्ष न येणाऱ्या लॅपटॉपची बॅटरी काढून बघितली, ती १९ निघाली, तीच आम्हाला लावून दिली. खटक्याची बॅटरी असल्याचा फायदा. टी४९० पासून ती सोयच गेली.

आय५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. अठरा सांगितले, साडेसोळाला तुटलं. महिनाभराची टेस्टिंग वॉरंटी, म्हणजे दुकानापर्यंत तुम्ही घेऊन जायचं. बिलावर सीरियल नंबर लिहून घेतला.

कीबोर्डबद्दल काय सांगू! कळ खोल जाते, मधोमध किंचित खोलगट आहे, बोट आपोआप जागेवर बसतं. मध्यावरची लाल टिकली मी आठवडाभर शोभेची समजत होते. आता माऊसकडे हात न नेता तिनेच कर्सर हलवते. वैताग एकच: डाव्या कोपऱ्यात कंट्रोलच्या जागी एफएनची कळ. पहिल्या दिवशी कॉपी म्हणून काहीच कॉपी होईना. बायोसमध्ये दोघांची अदलाबदल करता येते, ती केली. छापलेली अक्षरं उलटी राहिली तरी मी खाली बघत नाही. रॅमच्या दोन खाचांपैकी एक रिकामी होती, तिथे आणखी ८ जीबी बसवली. आता फोटोंची जड पानं उघडतानाही चहा करायला जावं लागत नाही.

पडदा मंद आहे, २५० निट्सचा (निट्स हे पडद्याच्या उजेडाचं माप). गॅलरीत बसून काम विसरा. रंग फिके दिसतात, मुखपृष्ठाचा रंग मी प्रेसच्या प्रूफवरच ठरवते. आकडे बडवणाऱ्यांना वेगळा नंबर पॅड नाही. वजन दीड किलोच्या वर.

दुकानाने दिलेला चार्जर मात्र भिकार. तिसऱ्या दिवशी इतका तापला की खाली लाकडी पाट ठेवला. टाइप सीचा ६५ वॉटचा चांगला चार्जर वेगळा घेतला, त्याचे पंधराशे गेले. चार्जरचं आम्ही दुकानात बघितलंच नाही. तीन तास लॅपटॉप उलटासुलटा केला आणि वायरीकडे कुणाचं लक्षच नाही. तुम्ही अर्धा तास तिथेच चार्जिंगला लावून हात लावून बघा.

रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर बंद असतात. आणि त्या इमारतीला लिफ्ट नाही.