शेठची रोकड की कायद्याची भरपाई?

भोसरीतल्या कारखान्यात प्रेस मशीनवर भाच्याची उजवी तर्जनी मुळापासून गेली. वय ३०, पगार १५ हजार. शेठ म्हणतो, "पन्नास हजार घे, सही कर, विषय मिटव." भाचा विचारतो, घेऊ का?

रक्कम: कायद्याचं गणित असं. पगाराचे ६० टक्के म्हणजे ९,०००, गुणिले वयानुसार ठरलेला तिशीचा गुणक २०७.९८, अख्ख्या तर्जनीला त्याचे १४ टक्के. होतात सुमारे २ लाख ६२ हजार. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्यातलं हे सूत्र २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे.

वेळ: इथे शेठ जिंकतो. रोकड संध्याकाळी हातात. दाव्याला तारखांवर तारखा. पण थकलेल्या भरपाईवर १२ टक्के व्याज चढतं, आणि दावा लावायला अपघातापासून २ वर्षं मिळतात.

कटकट: दाव्याला दवाखान्याचे कागद, पगाराचा पुरावा, अपंगत्वाचा दाखला लागतो. शेठला फक्त सही हवी. गंमत म्हणजे हक्क सोडल्याचा तसला कागद कायद्यापुढे टिकत नाही.

ईएसआयचं, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचं कार्ड असेल तर हा हिशेबच वेगळा: भरपाई शेठकडून नाही, ईएसआय महामंडळाकडून, दरमहा.

नुसतं खरचटलं, चार दिवसांत कामावर परतलात, तर रोकड घ्या. बोट, डोळा, हाड गेलं असेल तर दावाच लावा. भाच्याला तेच सांगितलंय.