पोलीस, हेल्पलाइन की संरक्षण अधिकारी? घरच्या आणि शेजारच्या संकटात कोणाकडे जावे

घरातले किंवा शेजारचे भांडण घेऊन पोलीस ठाण्यात गेलेल्या अनेकांच्या हाती शेवटी एक कागद पडतो, ज्याला सगळे ‘एन.सी.’, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, म्हणतात. शिवीगाळ किंवा किरकोळ मारहाण हे गुन्हे अदखलपात्र असल्यामुळे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ प्रमाणे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना त्यांचा तपास करता येत नाही, आणि म्हणून ‘फिर्यादीस कोर्टात दाद मागण्याची समज दिली’ हे ठरावीक वाक्य त्या नोंदीत येते. फार तर चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखण्यासाठीची प्रतिबंधक कारवाई, होते, आणि तिची नोटीस पुष्कळदा दोन्ही बाजूंना निघत असल्याने तक्रार करणाऱ्यालाही हेलपाटे घालावे लागतात. याचा दोष दरवेळी ठाणे अंमलदाराला देणे योग्य नाही. त्याच्याकडे सोपवलेले काम गुन्ह्याचे आहे, आणि घरात नांदण्याचा हक्क, म्हाताऱ्या आईचा खर्च किंवा भावाचा मानसिक आजार हे प्रश्न त्या चौकटीत मुळात बसतच नाहीत.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करायला हवी. हत्यार निघाले असेल, कोणाला कोंडून ठेवले असेल किंवा या क्षणी जिवाला धोका असेल, तर ११२ ला पर्याय नाही, आणि पुढची सर्व तुलना अशी वेळ नसताना करायची आहे. ती करताना मी दोन प्रश्न महत्त्वाचे मानतो. समोरची व्यक्ती आदेश देऊ शकते की केवळ सल्ला, हा पहिला. आणि आपण सांगितलेली गोष्ट तिच्यापाशीच राहते की कागद होऊन पुढे जाते, हा दुसरा. पोलिसांना टाळण्याच्या इच्छेने निवडलेली वाट कधीकधी पोलिसांपर्यंतच जाते, हे आधी माहीत नसले तर फसगत होते.

घरगुती हिंसाचार

महाराष्ट्रात सर्वांत जास्त पर्याय याच प्रश्नासाठी आहेत, आणि निवडीचा घोळही इथेच सर्वांत मोठा आहे. १८१ ही महिला हेल्पलाइन चोवीस तास चालते. परंतु तिचे काम मुख्यतः ऐकून घेणे, धीर देणे आणि योग्य ठिकाणाशी जोडून देणे हे आहे. रात्री अकरा वाजता कोणाशी तरी बोलायचे असेल तर तिचा उपयोग होतो, पण नवऱ्याला घराबाहेर ठेवण्याचा अधिकार तिला नाही.

‘सखी’ वन स्टॉप सेंटर ही २०१५ पासूनची केंद्र सरकारची योजना असून वैद्यकीय मदत, समुपदेशन, कायदेशीर सल्ला आणि तात्पुरता निवारा एकाच छताखाली मिळावा, अशी तिची रचना आहे. इथला निवारा साधारण पाच दिवसांचा असतो. घर सोडून निघालेल्या बाईला पहिले काही दिवस श्वास घ्यायला तेवढे पुरतात, मात्र त्यापुढे शासकीय महिला वसतिगृह किंवा स्वयंसेवी संस्थेचे निवारागृह शोधावे लागते. सोबत मोठा मुलगा असेल तर त्याला ठेवून घेतील का, हे निघण्यापूर्वी फोनवर विचारावे, कारण निवारागृहांमध्ये मुलग्यांच्या वयाची मर्यादा असते आणि ती दारात उभे राहून कळणे फार क्लेशकारक असते.

महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष हा मात्र वेगळाच प्रकार आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात तो सुरू केला आणि पुढे तो राज्यभर पसरला. तो बसतो पोलिसांच्याच आवारात, पण चालवतात प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या. त्यामुळे नवऱ्याला किंवा सासरच्यांना चर्चेसाठी बोलावले की त्या बोलावण्याला वजन असते आणि तरीही गुन्हा नोंदवण्याची सक्ती बाईवर होत नाही. ‘मला केस करायची नाही, पण हे थांबायला हवे’ असे म्हणणाऱ्या स्त्रीसाठी हा पर्याय मला सर्वांत जास्त पटतो. अडचण इतकीच की, ज्या बाईला ठाण्याच्या फाटकातून आत जाताना कोणी पाहिले तर घरी त्याचा सूड निघेल, तिला इथपर्यंत येणेच धोक्याचे ठरते.

अशा बाईसाठी रुग्णालय ही अधिक सुरक्षित जागा आहे. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘सेहत’ ही संस्था आणि महापालिका यांनी मिळून ‘दिलासा’ हे समुपदेशन केंद्र सुरू केले आणि नंतर ते इतर रुग्णालयांतही पोहोचले. त्यामागचा विचार व्यवहारी आहे: दवाखान्यात जाण्यासाठी घरी कारण द्यावे लागत नाही. केसपेपर काढून बाई ओपीडीत येते, डॉक्टर किंवा परिचारिकेला जखमेचा प्रकार खटकतो आणि ती तिला शेजारच्या खोलीत समुपदेशकाकडे घेऊन जाते. बाहेर रांगेत बसलेल्या सासूला त्यात वावगे काही दिसत नाही. पण इथेच वर सांगितलेला दुसरा प्रश्न पुढे येतो. मारहाणीच्या जखमेची एम.एल.सी. (पोलीस प्रकरण होऊ शकणारी वैद्यकीय) नोंद झाली की रुग्णालयाकडून पोलिसांना कळवले जाते, म्हणून समुपदेशकाशी बोलताना ‘हे पुढे कोणाकडे जाईल?’ असे सरळ विचारावे. त्या नोंदीचा फायदाही असतो, कारण वर्षभराने न्यायालयात गेल्यावर तारखेसह जखमेचा कागद जेवढे बोलतो तेवढे शेजाऱ्यांची साक्ष बोलत नाही.

आदेश हवा असेल तर वाट संरक्षण अधिकाऱ्याची. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंध कायद्याखाली हा अधिकारी बाईचे म्हणणे ठरलेल्या नमुन्यातल्या घटना-अहवालात लिहून घेतो, दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करण्यास मदत करतो आणि त्यासाठी पैसे घेत नाही. न्यायालय संरक्षणाचा, घरात राहण्याचा आणि खर्चाचा आदेश देऊ शकते, आणि निकड असेल तर दुसऱ्या बाजूची वाट न पाहता अंतरिम आदेशही निघतो. अर्ज आल्यापासून सर्वसाधारणपणे तीन दिवसांत पहिली तारीख आणि त्या तारखेपासून साठ दिवसांत निकाल, असे कायदा म्हणतो. तालुक्याच्या न्यायालयांचा अनुभव असणारे या साठ दिवसांवर हसतील, तरीही अर्जात कलम २३ खाली अंतरिम आदेशाची मागणी आवर्जून लिहून घ्यावी. या घटना-अहवालाची एक प्रत कायद्यानुसार स्थानिक ठाण्यालाही जाते. त्यामुळे फौजदारी गुन्हा दाखल होत नाही, पण ‘पोलिसांना काहीच कळणार नाही’ अशी समजूत करून घेऊ नये. अहवालाशिवाय थेट न्यायालयात अर्ज करण्याची मुभाही कायद्यात आहे. संरक्षणाचा आदेश मोडला तर मात्र तो दखलपात्र गुन्हा ठरतो आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड आहे, म्हणजे त्या टप्प्यावर पोलीस हवेच असतात.

दारूमुळे मारहाण होत असेल तर व्यसनमुक्ती केंद्र हा पर्याय लोक सर्वांत आधी सुचवतात. पुण्यातले ‘मुक्तांगण’ १९८६ पासून हे काम करते आणि अल्-अनॉनसारखे कुटुंबीयांचे गटही अनेक शहरांत भरतात. त्यांचा उपयोग निर्विवाद आहे. परंतु दारू सुटली की हात उचलणेही सुटेल, असा हिशेब बाईने करू नये. उपचार आणि संरक्षण आदेश हे एकाच वेळी चालू शकतात.

आईवडिलांची आबाळ

ज्येष्ठांसाठी १४५६७ ही एल्डर लाइन सकाळी आठ ते रात्री आठ या वेळेत चालते. तिच्याकडून माहिती, भावनिक आधार आणि गरज असेल तर प्रत्यक्ष हस्तक्षेपही मिळू शकतो. याउलट २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखालील निर्वाह न्यायाधिकरण, म्हणजे उपविभागीय अधिकारी, ज्याला आपण प्रांत म्हणतो, मुलाला किंवा वारसदार नातेवाइकाला दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत खर्च देण्याचा आदेश देऊ शकतो. अर्ज ज्येष्ठ व्यक्तीच्या वतीने संस्थेलाही करता येतो, आणि सुनावणीपूर्वी प्रकरण सलोखा अधिकाऱ्याकडे पाठवण्याची सोय आहे. मुलाला ठाण्यात बोलावून ‘समज देणे’ या प्रकारापेक्षा मला ही वाट बरी वाटते, कारण आईला त्याच घरात रात्री परतायचे असते आणि हवालदाराच्या दटावणीची मुदत फारशी नसते. घर बक्षीसपत्राने मुलाच्या नावावर करून दिले असेल तर याच कायद्याचे कलम २३ पाहावे. सांभाळण्याची अट बक्षीसपत्रात लिहिलेली असेल तर ते रद्द करून घेण्याची बाजू भक्कम होते.

मानसिक आजाराचे संकट

इथे पोलिसांना बोलावण्याची सवय सर्वांत जुनी आहे आणि, माझ्या मते, सर्वांत जास्त नुकसान करणारी आहे. संशयाच्या भरात दार लावून बसलेल्या माणसाला खाकी गणवेश दिसला तर त्याच्या भीतीवर शिक्कामोर्तब होते.

ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेली टेलिमानस, क्रमांक १४४१६, चोवीस तास आणि मराठीतून उपलब्ध आहे. भाषा निवडल्यावर आधी समुपदेशक बोलतो आणि गरज वाटली तर तज्ज्ञांकडे फोन वळवतो. रुग्ण स्वतः बोलायला तयार नसेल तर घरच्यांनी फोन करून ‘आत्ता काय करू?’ हे विचारावे, कारण त्या घडीला घरात काय बोलायचे आणि काय टाळायचे एवढे कळले तरी पुष्कळ असते. मात्र टेलिमानसकडून दारात गाडी येत नाही. गाडी येते १०८ ची, तीही विनामूल्य आणि सोबत डॉक्टर घेऊन; पण रुग्ण आक्रमक असेल तर त्या पथकाकडूनच पोलिसांना सोबत घ्या, असे सांगितले जाऊ शकते, आणि त्यांच्या सुरक्षिततेचा विचार करता ते गैर नाही.

कायदा या बाबतीत कुटुंबाच्या बाजूने आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ९४ प्रमाणे जीव धोक्यात असेल किंवा इतरांना गंभीर इजेची भीती असेल, तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, नामनिर्देशित प्रतिनिधी (रुग्णाच्या वतीने निर्णय घेणारी, बहुधा घरचीच व्यक्ती) उपलब्ध असल्यास त्याच्या संमतीने, बहात्तर तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतो आणि रुग्णाला जवळच्या मानसिक आरोग्य संस्थेत हलवण्याची सोयही त्यातच येते. त्यासाठी पोलिसांचे पत्र लागत नाही. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, पण पहिली धाव जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाकडे घेणे सोयीचे. आपले जवळचे डॉक्टर कोण, हे शांत दिवसात ठरवून ठेवावे.

रस्त्यावर भटकणारा अनोळखी मनोरुग्ण दिसला तर गणित उलटे होते. त्याला ताब्यात घेऊन चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत नेण्याची जबाबदारी कलम १०० ने ठाण्याच्या प्रमुखावरच टाकली आहे, आणि त्याला कोठडीत ठेवण्यास मनाई आहे. म्हणजे इथे पोलिसांना कळवणेच योग्य, फक्त त्या कलमाचा उल्लेख करून कळवावे. कर्जतची श्रद्धा पुनर्वसन संस्था अशा रुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोहोचवते. तिचे संस्थापक डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

शेजारी, गाव आणि पंच

गळती, पार्किंग, बांध, सामाईक विहीर अशा वादांसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व अर्ज करणे हा सर्वांत स्वस्त मार्ग. लोकअदालतीत झालेली तडजोड दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकी बंधनकारक असते आणि तिच्यावर अपील नसते. म्हणून सही करण्यापूर्वी मजकूर दोनदा वाचावा. २००७ मध्ये सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेतल्या समित्या काही गावांत अजून चांगले काम करतात, काही गावांत त्या फक्त फलकावर आहेत. समितीतली माणसे गावकीची असल्याने वाद लवकर मिटतो, पण बळजबरीचा किंवा बाईच्या अब्रूचा विषय तिथे ‘गावात मिटवला’ जाऊ लागला तर तो पर्याय ताबडतोब सोडावा. जातपंचायतीला तर समाजाचा आधार समजूच नये. सामाजिक बहिष्कार हा २०१६ च्या महाराष्ट्र कायद्याने गुन्हा ठरला असून त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही आहेत. पंचांनी वाळीत टाकले तर पोलीस किंवा दंडाधिकारी, आणि पाठीशी अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे (अंनिसचे) कार्यकर्ते, हाच क्रम ठेवावा.

मुले

मुलांच्या बाबतीत निवडीला फारशी जागा नाही. १०९८ हा क्रमांक १९९६ मध्ये मुंबईत स्वयंसेवी प्रयत्नातून सुरू झाला. आता तो सरकारी यंत्रणेमार्फत चालतो आणि ११२ शी जोडलेला आहे. हरवलेले, कामाला जुंपलेले किंवा उपाशी ठेवलेले मूल दिसले तर तोच लावावा. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळालेल्या प्रत्येकावर पोक्सो कायद्याचे कलम १९ ती पोलिसांना कळवण्याचे बंधन घालते आणि न कळवणे हाच गुन्हा ठरतो, त्यामुळे संस्थेनेही ‘आम्ही गुप्त ठेवू’ असे आश्वासन दिले तर तिच्यापासून सावध राहावे.

आपल्या गावात हे सारे शोधायचे कसे

जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याच्या कार्यालयात संरक्षण अधिकाऱ्याचे नाव आणि सखी केंद्राचा पत्ता मिळतो. विधी सेवा प्राधिकरण जिल्हा न्यायालयाच्या आवारात असते आणि त्याचा राष्ट्रीय क्रमांक १५१०० आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. खेड्यात अंगणवाडी सेविका आणि आशा यांना यातले बरेच ठाऊक असते, मात्र त्या त्याच गावच्या असतात, त्यामुळे गोपनीय विषय त्यांच्यापाशी काढताना विचार करावा.

इंटरनेटवर सापडलेल्या यादीतला क्रमांक गरज पडण्याआधी एकदा लावून पाहावा. फोन कोणी उचलते का, रात्री चालतो का, आपल्या तालुक्यात माणूस पाठवतात का आणि नाव सांगणे सक्तीचे आहे का, एवढे चार प्रश्न विचारले की संस्थेची पारख होते. हिंसा करणारा माणूस घरातच असेल तर ही चौकशी त्याच्या हाती लागणाऱ्या मोबाइलवरून करू नये आणि हे क्रमांक विश्वासातल्या मैत्रिणीकडे किंवा मुलांच्या वहीत वेगळ्याच नावाने लिहून ठेवावेत.