नदीतल्या मासळीची ‘हेवी मेटल’ तपासणी: खासगी प्रयोगशाळांची सेवा घ्यावी का?

घ्यावी, पण काय मागायचं ते ठरवूनच. नमुना देऊन ‘हेवी मेटल पॅकेज’ (पारा, शिसं, कॅडमियम यांसारख्या जड धातूंची तपासणी) एवढंच सांगितलं, तर पैसे जातात आणि हातात येणाऱ्या कागदावरून नदीबद्दल फारसं काही कळत नाही.

सर्वात आधी, नुसतं पाणी तपासून थांबू नका. धातूंचा बराचसा भाग गाळात बसतो. गाळात ऑक्सिजन नसेल तिथे जिवाणू पाऱ्याचं मिथिल पाऱ्यात, म्हणजे सजीवांच्या शरीरात साठणाऱ्या विषारी रूपात, रूपांतर करतात. तो शेवाळात शिरतो, तिथून किड्यांत, लहान माशांत आणि शेवटी मरळीसारख्या शिकारी माशात. प्रत्येक पायरीला प्रमाण वाढतं, आणि मोठ्या माशात ते पाण्याच्या दहा लाख पटींच्या घरात जाऊ शकतं. जपानमध्ये आगानो नदीकाठच्या लोकांचा आजार १९६५ मध्ये उघड झाला, तो नदीचे मासे खाऊनच झाला होता. पाण्याचा रिपोर्ट स्वच्छ आला म्हणून मासा स्वच्छ असेलच असं नाही.

शिसं आणि कॅडमियम यांची चाल वेगळी आहे. ते साखळीत वरवर जाताना साधारणपणे पाऱ्यासारखे वाढत नाहीत. शिसं हाडं, कल्ले आणि खवल्यांत साठतं, कॅडमियम यकृत आणि मूत्रपिंडात. पारा मात्र थेट मांसात बसतो. त्वचा आणि चरबी काढून तो कमी होत नाही, शिजवूनही जात नाही. म्हणून पाऱ्यासाठी मरळ, वाम यांसारखे मांसाहारी मासे द्यावेत, आणि गाळाशी चरणाऱ्या माशांचं यकृत कॅडमियमसाठी वेगळं द्यावं. चिलापी आणि मरळ यांचं मांस एकत्र मिसळून दिलं, तर आलेला आकडा कुणाचाच नसतो.

नमुना असा द्या: एका जातीचे किमान पाच मासे, आणि सर्वात लहान मासा सर्वात मोठ्याच्या लांबीच्या पाऊणपटीहून लहान नको. वय वाढतं तसा पारा वाढतो, त्यामुळे लांबी-वजन लिहून ठेवलं नाही तर पुढच्या वर्षीची तुलना होत नाही. मांस पाठीच्या बाजूचं, हातमोजे घालून, स्टीलच्या स्वच्छ सुरीने काढावं. अॅल्युमिनियमच्या फॉइलऐवजी स्वच्छ प्लास्टिकची पिशवी वापरा. नमुना लगेच बर्फावर ठेवा आणि पोचेपर्यंत गोठलेलाच राहू द्या. फॉर्मालिन अजिबात नको.

आता प्रयोगशाळेची कसोटी. साधारण अर्धा ग्रॅम मांस नायट्रिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बंद भांड्यात, मायक्रोवेव्हवर विरघळवतात, मग आयसीपी-एमएसवर, म्हणजे आयन वस्तुमानानुसार वेगळे करून धातू मोजणाऱ्या यंत्रावर, मोजतात. उघड्या हॉटप्लेटवर विरघळवलं तर पारा उडून जातो आणि आकडा खोटा कमी येतो. आर्सेनिकबाबत उलटा घोटाळा होतो: मिठातलं क्लोरीन आणि यंत्रातला आर्गॉन जुळून ७५ वस्तुमानाचा आयन बनतो, तो आर्सेनिक म्हणून मोजला जातो. असे फसवे आयन हेलियमने गाळणारा ‘कोलिजन सेल’ (यंत्रातला टक्कर-कक्ष) आहे का, हे विचारा. प्रत्येक बॅचबरोबर माशाचा प्रमाणित संदर्भ नमुना (धातूचं प्रमाण आधीच माहीत असलेला) चालवतात का, त्याची रिकव्हरी, म्हणजे माहीत असलेल्यापैकी किती टक्के धातू मोजण्यात सापडला, किती आली, हेही मागा. सरळ उत्तर देणारी प्रयोगशाळा चांगली, टाळाटाळ करणारी सोडून द्या. एनएबीएल ही प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था; कोणत्या चाचण्यांसाठी मान्यता आहे याची यादी, म्हणजे व्याप्ती, सार्वजनिक असते. त्यात मासा आणि तो धातू, दोन्ही आहेत का पाहा. नुसता लोगो पुरत नाही.

रिपोर्टमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ ओल्या आणि कोरड्या वजनाचा असतो. माशात सुमारे ८० टक्के पाणी. म्हणजे कोरड्या वजनावर किलोला १ मिलिग्रॅम पारा ओल्या वजनावर फक्त ०.२ उरतो. एफएसएसएआयची (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) मर्यादा ओल्या माशाला ताडून पाहायची असते: पाऱ्यासाठी शिकारी नसलेल्या माशांत किलोला ०.५ मिलिग्रॅम, शिकारी माशांत १. ‘आढळलं नाही’ असं लिहिलं असेल, तर शेजारी मोजमापाची खालची मर्यादा किती दिली आहे ते वाचा. ती ०.५ असेल, तर त्या वाक्याला काही अर्थ नाही.

आणि मर्यादेत आहे म्हणजे कितीही खावं, असंही नाही. मिथिल पाऱ्यासाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने ठरवलेली सेवनाची मर्यादा शरीराच्या वजनाच्या दर किलोला आठवड्याला १.६ मायक्रोग्रॅम आहे. ६० किलोच्या गरोदर बाईला ती ९६ मायक्रोग्रॅम. माशात किलोला ०.५ मिलिग्रॅम पारा असेल आणि तो सगळा मिथिल धरला, तर १९२ ग्रॅम मासळीत आठवड्याचा वाटा संपतो. मच्छीमार घरात रोज ताटात मासा असतो. हे गणित रिपोर्टवर छापायला हवं, पण प्रयोगशाळा ते करत नाहीत. या सेवेची सर्वात मोठी उणीव हीच.

मिथिल पाऱ्याची स्वतंत्र चाचणी महाग पडते. मोठ्या शिकारी माशाच्या मांसातला बहुतेक पारा मिथिल रूपातच असतो, त्यामुळे एकूण पारा मोजून काम भागतं. वाचलेले पैसे त्याच जागचा गाळ आणि एक लहान मासा तपासायला वापरा. गाळ, लहान मासा, मरळ असे तीन आकडे एकत्र आले की साठवण कुठे होते आहे ते दिसतं.