सेट-टॉप बॉक्सचा नवा मेनू: चिन्हे देखणी, पण सोफ्यावरून कळणारी नाहीत

ताज्या अपडेटनंतर माझ्या सेट-टॉप बॉक्सच्या मेनूतील शब्द जाऊन त्यांच्या जागी चिन्हे आली आहेत. रेखाटन सफाईदार आहे, आणि शोधाचे भिंग, सेटिंगचे दातेरी चाक, आवाजाचा कर्णा ही रुळलेली चिन्हे कोणालाही कळतील. प्रश्न उरतो तो घड्याळाचा. आठवण लावणे, आधी पाहिलेले कार्यक्रम आणि रेकॉर्डिंगची वेळ ठरवणे या तिन्ही कामांसाठी घड्याळच काढलेले असून फरक केवळ कोपऱ्यातील घंटा, उलटा बाण किंवा ठिपका एवढाच आहे. टीव्हीचा मेनू साधारण 10 फुटांवरून पाहिला जाईल असे धरून आखायचा असतो. त्या अंतरावरून ही तिन्ही निव्वळ वर्तुळे दिसतात.

याहून गंभीर बाब फुलीची. मुख्य मेनूत फुली दाबली की मेनू बंद होतो, पण रेकॉर्डिंगच्या यादीत तीच फुली काहीही न विचारता कार्यक्रम पुसून टाकते. चिन्हांचे आकलन तपासण्याची पद्धत आयएसओ 9186 या मानकात दिलेली आहे: चिन्ह कुठे वापरले जाणार एवढेच सांगून लोकांना त्याचा अर्थ विचारायचा आणि आलेल्या उत्तरांची वर्गवारी करायची. अशा चाचणीत ‘माहीत नाही’ या उत्तरापेक्षा आत्मविश्वासाने दिलेले चुकीचे उत्तर अधिक महत्त्वाचे ठरते. अमेरिकेतील सुरक्षाचिन्हांच्या मानकात 85 टक्के अचूक उत्तरांबरोबरच घातक गैरसमज 5 टक्क्यांहून अधिक नसावा, अशीही अट आहे. टीव्हीच्या मेनूला इतकी कडक कसोटी लावा असे माझे म्हणणे नाही. परंतु दोन्ही पडद्यांवरची फुली चार अनोळखी माणसांना दाखवली असती, तरी हा घोटाळा उघड झाला असता.

चिन्हाचे नाव त्यावर निवडीची चौकट आल्यावरच, तेही क्षणभर थांबून, उमटते. रिमोटच्या बाणांनी एकेक घर ओलांडत जाणाऱ्याला त्यामुळे प्रत्येक घरी थबकावे लागते. रंगीत बटणांच्या खुणांमध्ये मात्र रंगासोबत अक्षरही दिले आहे, हे चांगले झाले.

‘नावे नेहमी दाखवा’ असा पर्याय सुलभतेच्या विभागात आहे, आणि तो चालू केल्यावर मेनू बराच वापरण्याजोगा होतो. तिथे पोहोचायचे असेल तर वाट अर्थातच बिननावाच्या चिन्हांतूनच काढावी लागते.